पंगतीत आधी कोण? धर्मस्थळे, परगावचे मजूर आणि गावची घरे

औंढा नागनाथहून वसमतकडे निघाले की वाटेत शिरड शहापूर लागते. हिंगोली जिल्ह्याबाहेरच्या लोकांना हे गाव माहीत आहे ते मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे. मूर्ती मूळची अर्धापूरची, सुमारे तीन शतकांपूर्वी ती इथे आली, असे परंपरा सांगते. गावाच्या एका अंगाला औंढ्याचे ज्योतिर्लिंग, त्याच्या पलीकडे संत नामदेवांचे नरसी आणि दुसऱ्या अंगाला नांदेडचा सचखंड गुरुद्वारा. परगावच्या माणसाला जेवू घालणाऱ्या आणि रात्रीपुरती पथारी देणाऱ्या इतक्या जागा इतक्या जवळजवळ असलेला टापू मराठवाड्यात क्वचितच सापडेल. आणि याच टापूतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर घरेच्या घरे कुलूप लावून ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या नाहीतर हैदराबादच्या बांधकामांवर जातात.

धर्मस्थळाकडे पैसा असतो, धान्य असते, खोल्या असतात आणि सेवेला तयार असलेली माणसे असतात. या सगळ्यावर पहिला हक्क कोणाचा? पोटासाठी बाहेरून आलेल्याचा, की गावातल्याच अडचणीत सापडलेल्या घराचा? अमेरिका-युरोपात हा प्रश्न परदेशी निर्वासितांच्या संदर्भात विचारला जातो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा परजिल्ह्यातल्या आणि परप्रांतातल्या मजुरांविषयी असतो. करोनाच्या टाळेबंदीने त्याला नवी धार आली आणि ती अजून बोथट झालेली नाही. या वादात कोण काय म्हणते, त्यामागे काय परंपरा आहे आणि गाठ कुठे अडली आहे, ते इथे मांडतो.

वाटसरूचा हक्क

परक्याला आसरा देण्याची आपली जुनी व्यवस्था वाटसरूला समोर ठेवून उभी राहिली. धर्मशाळा, सदावर्त, अन्नछत्र, दर्ग्याचा मुसाफिरखाना, गुरुद्वाऱ्याची सराई या सगळ्यांचे गृहीत एकच : आलेला माणूस आज उतरेल आणि उद्या-परवा पुढे जाईल. आषाढीच्या आधी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी हिंगोली जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जाते. तेव्हा वाटेवरची गावे शेकडो वारकऱ्यांच्या चहा-फराळाची, जेवणाची, मुक्कामाची सोय कोणी न सांगता करतात. भाकरी घरोघरी थापल्या जातात. वारकरी कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या जातीचा, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. गावच्या गरीब घरांवर यात अन्याय होतो, असेही कोणाला वाटत नाही, कारण ती घरेही त्याच पंगतीत वाढत असतात आणि जेवतही असतात.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. गावातला प्रत्येक जण तिच्या आत नव्हता. धर्मशाळा जातवार होत्या, दलितांना देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. औंढ्याला नामदेवांसाठी देऊळ फिरले, अशी कथा आपण मोठ्या भक्तीने सांगतो. ती कथाही देवळासमोरून मागे सारलेल्या माणसाचीच आहे. म्हणून आज कोणी ‘आधी आपली माणसे’ म्हणतो तेव्हा त्या ‘आपल्या’त पूर्वी कोण नव्हते, हे लक्षात ठेवावे लागते. गाडगेबाबांनी हे ओळखले होते. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, नाशिकसारख्या तीर्थांच्या ठिकाणी आणि पुढे मुंबईसारख्या शहरातही. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आजही गावोगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. रुग्णाचा मुक्काम एका रात्रीचा नसतो, उपचार महिनोन्‌महिने चालतात. वाटसरूपलीकडचा परका ज्यांच्या डोळ्यांसमोर होता, अशा मोजक्या लोकांत गाडगेबाबांचे नाव घ्यावे लागेल.

दुष्काळ, फाळणी, भूकंप

दीर्घ मुक्कामाचा परका महाराष्ट्रातल्या धार्मिक संस्थांसमोर मोठ्या संख्येने आला तो संकटांच्या काळात. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणल्या, १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळग्रस्त स्त्रियांनाही केडगावला आसरा दिला. तेव्हा तिथल्या मुक्ती सदनात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली होती. विहिरी, शेती, विणकाम, छपाई असे उद्योग काढून रमाबाईंनी त्यांना पायावर उभे केले. त्याच वेळी धर्मांतराच्या आरोपावरून त्यांच्यावर कडक टीकाही झाली. आसऱ्याच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली जाते का, हा तेव्हाचा आक्षेप आजही या वादात पुन्हापुन्हा येतो. त्यात संशयाचा भाग मोठा असला तरी आक्षेप मुळातून चुकीचा म्हणता येत नाही.

मुंबईच्या पारशांनी वेगळी वाट धरली. त्यांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवले आणि तिथल्या झरतुष्ट्री बांधवांसाठी निधी उभारला. त्या प्रयत्नांनी १८८२ मध्ये त्यांच्यावरचा जिझिया रद्द झाला. मुंबईत आलेल्या इराणी झरतुष्ट्रींनाही हात मिळाला. इथे परका दूरचा होता, पण धर्माने आपला होता. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनचेही तसेच. जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंचा भार सरकारवर पडणार नाही, याची हमी तिने घेतली. मुंबईतल्या बेने इस्रायल समाजात तेव्हा गरीब कुटुंबे थोडी नव्हती, हे ध्यानात घेतले की त्या निर्णयाचे वजन कळते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुले जास्त होती. त्यांच्यासाठी चर्च होते, शाळा होत्या. फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. दोन्हीकडे मुख्य भार शासनाने उचलला. धर्मस्थळांनी उपासना, शिक्षण, आपुलकी दिली. कामाची ही वाटणी टिकाऊ ठरली, असे या इतिहासाकडे पाहून वाटते.

मराठवाड्याला सगळ्यात जवळचा अनुभव ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाचा. किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाल्यावर भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. पुढे मेळघाटातल्या आदिवासी मुलांना आणि मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या मुलांनाही तिथे ठेवले गेले. आघात झालेल्या मुलाला चांगली शाळा आणि समुपदेशन मिळाले, हे उघड आहे. मात्र मदत मुलाला बाहेर नेऊन करावी की घर जागेवर सावरून, हा प्रश्न तेव्हापासून कार्यकर्त्यांत चर्चिला जातो. आजच्या वादाचे बीज त्यातही आहे.

ग्रंथांचा कौल

दोन्ही बाजूंचे लोक धर्मग्रंथांचा आधार घेतात. गंमत म्हणजे दोघांनाही आधार सापडतो.

हिंदू परंपरेत गृहस्थाच्या पाच महायज्ञांत अतिथीचे पूजन आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मात्र, स्वजन हालात जगत असताना परक्यांना दान देणाऱ्याचा धर्म हा धर्माचा देखावा ठरवला आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथात परक्याला घरात घेणे म्हणजे प्रभूलाच घरात घेणे, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला अविश्वासणाऱ्याहून वाईट म्हटले आहे. जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांना धर्माची सीमा नाही, आणि त्याच वेळी साधर्मिकांविषयीचे वात्सल्य हे सम्यक्त्वाचे अंग मानले जाते. शीख लंगरमध्ये तर एका ओळीत बसणे हाच धर्म. तरी दसवंध, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, कुठे खर्च करायचा याचा निर्णय संगतीकडेच असतो.

या प्रश्नाची सगळ्यात बारीक चिकित्सा झाली आहे ती इस्लाममधल्या जकातीच्या, म्हणजे अनिवार्य दानाच्या, बाबतीत. मराठी वाचकांना ती फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडे थांबून सांगतो. कुराणात जकातीच्या हक्कदारांचे आठ वर्ग दिले आहेत. त्यांत गरीब आणि कर्जात बुडालेले आहेत, तसाच घरापासून दूर अडकलेला प्रवासीही आहे. म्हणजे गावचा आणि परका दोघांनाही यादीत नाव लावून जागा आहे. पुढे फकिहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी, विचारले, एका गावची जकात दुसऱ्या गावी पाठवता येते का? पैगंबरांनी आपले सहकारी मुआझ यांना येमेनला पाठवताना, तिथल्या श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्यावे, असे सांगितल्याची हदीस आहे. तिच्या आधारे शाफई पंथाने सामान्यतः मनाई केली. हनफी पंथाने, जो आपल्याकडच्या बहुतेक मुसलमानांचा आहे, बाहेर पाठवणे अप्रिय ठरवले, पण दोन अपवाद ठेवले : दुसऱ्या गावी आपले नातेवाईक असतील किंवा तिथली गरज जास्त असेल तर पाठवावे. मोजमाप गरजेवर आणून ठेवणारा हा निर्णय मला आजही उपयोगी वाटतो. मे २०२० मध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीतले ३६ लाख रुपये तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारायला दिले. पैसा गावातच राहिला आणि खाट मात्र कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही गावच्या रुग्णाला खुली झाली.

कायदा आणि हिशेबाचा तक्ता

महाराष्ट्रातली नोंदणीकृत देवस्थाने १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. या कायद्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतू सांगितले आहेत : गरिबी किंवा संकटातून सुटका, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लोकोपयोगाची इतर कामे. विश्वस्तांना दरवर्षी जो जमाखर्च धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, त्याचा नमुना म्हणजे नववी अनुसूची. तिच्या खर्चाच्या बाजूला संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च पाच ओळींत मांडायचा असतो : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना साहाय्य आणि इतर धर्मादाय. मदत घेणारा कुठला, किती दिवस राहिला, हे लिहायला त्या तक्त्यात जागाच नाही. त्यामुळे ‘देवस्थाने परक्यांवरच उधळतात’ किंवा ‘देवस्थाने परक्यांना उभे करत नाहीत’ अशी दोन्ही विधाने ठामपणे केली जातात, पण कागदावर त्यांपैकी एकही सिद्ध करता येत नाही. प्राप्तिकराच्या १९६१च्या कायद्यानेही एक बंधन घातले होते. तो कायदा लागू झाल्यानंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था एकाच धर्माच्या वा जातीच्या लाभासाठी असेल, तर तिला करसवलत मिळत नसे. कायदा धर्म पाहतो, जात पाहतो. गाव त्याने पाहिलेले नाही.

मोठ्या देवस्थानांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा १९५६चा, सिद्धिविनायकाचा १९८०चा, शिर्डीचा २००४चा. तिथे पैसा मोठा आणि वादही मोठा. सिद्धिविनायक न्यासाने जलयुक्त शिवारासाठी जिल्ह्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले, तेव्हा दुष्काळी भागात त्याचे स्वागत झाले. २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी शिर्डी संस्थानाकडून ५०० कोटींचे बिनव्याजी कर्ज घ्यायचे ठरले, तेव्हा भाविकांचा पैसा सरकारी कामाला का, असा प्रश्न उठला. २०२० मध्ये शिर्डीने मुख्यमंत्री निधीला ५१ कोटी दिले. सिद्धिविनायकाने त्या वर्षी करोना आणि शिवभोजन योजनेसाठी मिळून १० कोटी दिले, त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली नाही. याचिका मान्य झाली तर रक्कम परत आणता येईल, असे त्या वेळचे म्हणणे होते. शिवभोजनाच्या थाळीवर शहरातला परप्रांतीय मजूरही जेवतो आणि गावातून बाजाराला आलेला शेतकरीही. म्हणून हा वाद आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे, जरी न्यायालयात तो न्यासाच्या अधिकाराचा म्हणून लढला गेला.

२०२० : परीक्षेचे वर्ष

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पंजाब आणि आसपासच्या राज्यांतले सुमारे ४,००० यात्रेकरू होते. ते महिन्याहून जास्त काळ तिथेच राहिले. एका-दोन रात्रींसाठी बांधलेल्या खोल्यांत एवढे लोक एवढे दिवस सांभाळणे ही साधी गोष्ट नव्हती. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्या निघाल्या. पंजाबात पोहोचल्यावर त्यांतल्या शेकडो जणांना लागण झाल्याचे आढळले आणि सेवा करणाऱ्या संस्थेकडेच बोट दाखवले गेले. नांदेडचे स्थानिक शीख, जे पिढ्यान्‌पिढ्या मराठी-दखनी बोलतात, त्यांच्या मनात गुरुद्वाऱ्याच्या कारभारात आपला आवाज किती, हा सल त्याच्या आधीपासूनचा आहे. मंडळाच्या रचनेत बदल करायचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला तेव्हा त्यांनी केलेल्या विरोधातून तो पुन्हा दिसला.

नांदेडच्याच लंगर साहिबशी जोडलेले आणखी एक काम त्या उन्हाळ्यात देशभर गाजले. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ राष्ट्रीय महामार्गावर बाबा कर्नैलसिंग खैरा यांचे साधे पत्र्याच्या शेडमधले लंगर आहे. तेव्हा बाबांचे वय ऐंशीच्या पुढे होते. हा भाग आदिवासी वस्तीचा, आजूबाजूला लांबपर्यंत खानावळ नाही. हैदराबादकडून उत्तरेला पायी, सायकलने, ट्रकच्या टपावर बसून निघालेले मजूर तिथे थांबू लागले. सकाळी चहा-बिस्किट, पुढे डाळ-भात, रोटी-भाजी, अंघोळीला बोअरचे पाणी. दहा आठवड्यांत वीस लाखांच्या घरात लोक तिथे जेवले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. खर्चाचा एक भाग अमेरिकेतल्या शीख समाजाने पाठवला होता. एका देशात जाऊन स्थायिक झालेल्या स्थलांतरितांनी दुसऱ्या देशातल्या चालत निघालेल्या स्थलांतरितांना जेवू घातले, हे त्या पत्र्याच्या शेडचे खरे अर्थकारण.

शेगावच्या संस्थानाने रोज सुमारे दोन हजार लोकांना जेवण आणि विलगीकरणाला जागा दिली. पुण्यात आझम कॅम्पसने मशिदीचे सभागृह देऊ केले. तरीही ८ मे २०२०ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. त्या रस्त्यालगतच्या गावांत देवळे होती, मशिदी होत्या, शाळा होत्या. सगळ्यांची दारे सरकारी आदेशाने बंद होती. दोष कोणा एका देवळाचा नव्हता, पण आसरा देणारी जागा बंद ठेवायचा आदेश काढताना तिची ही ओळख कोणाच्याही मनात आली नाही, हे मान्य करायला हवे.

तीन भूमिका

पहिली भूमिका गावाची. तिचे म्हणणे असे : देवळाची तिजोरी भरते गावच्या वर्गणीतून आणि आसपासच्या भाविकांच्या दानातून. सोयाबीन हातचे गेले, कर्जाचे हप्ते थकले, घरातला कर्ता माणूस आत्महत्या करून गेला, अशी घरे याच परिसरात आहेत. त्यांच्या मुलांची फी, मुलीचे लग्न, आजारपण यांकडे पाठ फिरवून महामार्गावरच्या अनोळख्यांना महाप्रसाद वाढणे हे पुण्याचे काम दिसते, पण कर्तव्याचे नाही. २०१८ मध्ये तत्कालीन धर्मादाय आयुक्त शिवकुमार डिगे यांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांत देवस्थानांना एकत्र आणून शेतकरी आणि गरीब कुटुंबांतल्या मुलामुलींचे सामुदायिक विवाह लावले गेले. ते याच विचारातून. या बाजूची ताकद अशी की तिला माणसे नावानिशी ठाऊक असतात. गरज खरी की खोटी, हे पारखता येते आणि पुढची दहा वर्षे त्या घराकडे लक्षही ठेवता येते.

दुसरी भूमिका म्हणते, गावच्या घराला निदान गाव आहे. भावकी आहे, रेशनकार्ड आहे, सोसायटी आहे, मत मागायला येणारा पुढारी आहे. वसमतच्या हळदीच्या हंगामात किंवा साखर कारखान्याच्या गाळपाला आलेल्या टोळीला यांतले काहीच नाही. तिचा एकमेव आधार मुकादम, आणि त्याच्याकडून उचल घेतलेली असल्याने तोही सावकारच. अशा वेळी देवळाच्या नळाचे पाणी, सभामंडपाची सावली आणि आजारी पोराला दवाखान्यात नेणारा एखादा सेवेकरी याला मोल आहे. या बाजूचे लोक आणखी एक मुद्दा काढतात. धर्मस्थळाची ओळखच मुळी गावापलीकडची असते. औंढ्याला नाहीतर नांदेडला दानपेटी भरणारे बहुतेक लोक बाहेरचे. मग वाटप मात्र गावापुरते का?

तिसरी भूमिका या दोघांपासून अंग काढून घेणारी आहे. तिच्या मते मजुरांचा निवारा आणि गरीब कुटुंबांचे पोषण ही शासनाची जबाबदारी, देवस्थानांना पुढे करून शासनाने ती झटकू नये. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्येच कायदा झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ला राज्यांना ‘एक देश, एक रेशनकार्ड’ लागू करायला आणि मजुरांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवायला सांगितले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना त्याच वर्षी आली. देवळांनी पूजा, कीर्तन, सप्ताह नीट करावेत, बाकीचे हक्काने मागावे. या भूमिकेत तथ्य आहे, कारण दानावर जगणाऱ्याला तक्रार करता येत नाही. पण वसतिगृह उभे राहीपर्यंत आणि पोर्टलवर अंगठा उमटेपर्यंत रात्र कुठे काढायची, याचे उत्तर तिच्याकडे नाही.

बाहेरच्या जगाकडे पाहता

पश्चिमेत हा वाद सध्या फार तापला आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य अमेरिकेतून पळून आलेल्यांना उघडपणे आसरा दिला. त्याची चळवळ झाली. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये जर्मन चर्च-आसऱ्याची परंपरा सुरू झाली. हेगच्या बेथेल चर्चने एका आर्मेनियन कुटुंबाला देशाबाहेर घालवले जाऊ नये म्हणून ऑक्टोबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ९६ दिवस अखंड उपासना चालवली, कारण उपासना चालू असताना पोलीस आत येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी प्रेमाचा क्रम आधी कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव आणि शेवटी जग असा असतो, असे ख्रिस्ती परंपरेच्या आधारे सांगितले. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती प्रेम असे एकेका वर्तुळाने बाहेर पसरत जात नाही, असे म्हणत वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या दृष्टांताकडे बोट दाखवले.

आपल्याला त्या भांडणापेक्षा कॅनडाचा अनुभव जास्त शिकवणारा आहे. तिथे १९७९ पासून चर्च आणि इतर धार्मिक मंडळ्या एखाद्या निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेतात. ती साधारण बारा महिन्यांची असते : घर, कपडे, भाषा, मुलांची शाळा, कामाची ओळख. मुदत आधीच ठरलेली असल्याने मंडळीला भार कळतो आणि कुटुंबाला आधार कळतो.

अडलेली गाठ

या आढाव्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या धर्मस्थळांना दोन प्रकारची माणसे सांभाळता येतात. एक रात्र थांबणारा, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा. पहिल्यासाठी धर्मशाळा आहे, दुसऱ्यासाठी पंगत, वर्गणी आणि सामुदायिक विवाह. चार-सहा महिने राहणारा मजूर या दोन्हींत बसत नाही. पाहुणा म्हणावे तर तो जात नाही, गावचा म्हणावे तर त्याचे नाव कुठल्याच यादीत नाही. भक्तनिवासाच्या नियमांत त्याला खोली मिळत नाही आणि कमिटीच्या मदतीत त्याचे घर नाही. म्हणून तो कारखान्याच्या माळावर पाल ठोकतो.

‘परगावचा मजूर की गावचे घर’ असा प्रश्न टाकणे त्यामुळेच मला अपुरे वाटते. औंढा तालुक्यातल्या तांड्यावरून कोयता घेऊन निघालेले जोडपे जून महिन्यात ‘स्थानिक गरीब कुटुंब’ असते आणि डिसेंबरमध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी कारखान्यावर ‘बाहेरून आलेली टोळी’ असते. माणसे तीच. त्यांचे म्हातारे आई-वडील आणि शाळेसाठी मागे ठेवलेले एखादे पोर गावात असते. सप्ताहाची वर्गणी दर उंबऱ्यामागे गोळा होते तेव्हा त्या कुलूपबंद घराच्या नावावरही आकडा लागतो आणि परतल्यावर ते घर तो भरतेही. इथल्या देवळाने मागे राहिलेल्या म्हाताऱ्या-पोरांकडे बघणे आणि तिथल्या देवळाने पालावरच्या जोडप्याकडे बघणे, हे एकाच कुटुंबाला दोन टोकांनी धरणे आहे. दोन टोके एकमेकांना ठाऊक असण्याची सोय मात्र अजून कुठे दिसत नाही. पालखीचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी ठरलेले असतात, तशी ऊसतोडीच्या वाटेवरच्या देवस्थानांची साखळी का असू नये, हे विश्वस्तांना विचारायला हवे.

काही प्रश्न तरीही सुटलेले नाहीत. मुदतीचा आसरा दिला आणि मुदत संपूनही माणूस गेला नाही तर काय करायचे? महिलांच्या सुरक्षिततेची, शौचालयांची, लहान मुलांची जबाबदारी घ्यायला विश्वस्त कायद्याने किती बांधील? एका धर्माच्या जागेत दुसऱ्या धर्माचा मजूर महिनाभर राहिला तर त्याची प्रार्थना, त्याचे खाणे यांचे काय? लंगर यातून सुटले, कारण तिथे सगळे शाकाहारी आणि सगळे एका ओळीत. इतरांना हे उत्तर शोधावे लागेल. कारखान्याने स्वस्त मजूर आणायचा आणि त्याच्या निवाऱ्याचा खर्च देवळाच्या माथी मारायचा, हे तर कोणत्याच बाजूला मान्य होणार नाही. आणि विश्वस्त मंडळात बसणार कोण? गावची बैठक दिवाळीनंतर होते, तेव्हा ज्यांच्याविषयी ठरवायचे ते बहुतेक फडात असतात. चैत्रात ते परततात तोपर्यंत वर्षाचे अंदाजपत्रक ठरलेले असते.